संघ जाहीर होईपर्यंत

कोस्किलाहती, १८ जानेवारी १९८१

प्रिय ताइस्तो,

नाताळचं तुझं कार्ड पोचलं. लेम्पी म्हणाली, याचं निम्मं आयुष्य स्वीडनमध्ये गेलं तरी अक्षर अजून आपल्याच शाळेतलं आहे. मी म्हटलं, अक्षर आपलं, अक्कल मात्र त्यांची झालीय.

आइस हॉकीची यंदाची जागतिक स्पर्धा तुझ्या दारातच भरतेय, तेव्हा याद्यांना लागायला हवं. सव्वीस वर्षांत नियम बदललेले नाहीत, पण गेल्या वर्षी तू रडीचा डाव खेळलास म्हणून पुन्हा लिहितो. फेब्रुवारीच्या शेवटी आपापल्या वीस नावांची यादी पाकिटात घालून पाठवायची. आपला संघ रेडिओवर जाहीर होईपर्यंत ते पाकीट समोरच्याने फोडायचं नाही. ज्याची जास्त नावं जुळतील तो पुढचं वर्षभर शहाणा. मधल्या पत्रांत वाद हवा तेवढा घालावा.

तर वाद असा, की फिनलंडचा बचाव इतका दणकट मी आजवर पाहिलेला नाही. गोलरक्षक जरा घाबरट आहे, कबूल. आघाडीची दुसरी फळी रशियनांसमोर पहिल्या वीस मिनिटांतच धापा टाकेल, तेही कबूल. पण मागचे सहा जण उभे राहिले तर चेकांना घाम फुटेल. आणि त्या सहांत आपला राइमो असणार. निवडीच्या तीस जणांत त्याचं नाव आलंय. मी बाप म्हणून बोलत नाही, बर्फाचा माणूस म्हणून बोलतोय. दर वीस मिनिटांच्या खेळानंतर माझी गाडी बर्फ खरवडून गरम पाणी सोडते, पण त्याआधी मी तो बर्फ वाचतो. कोण कसा वळला, कोण दमला, कोण घाबरून मागे सरकला, सगळं पात्यांच्या रेघांत असतं. राइमोच्या रेघा म्हणजे सुरीने लोणी कापावं तशा.

पेपरात त्याच्या खांद्याचं वाचलं असशील. चार तारखेला तो कठड्यावर आपटला आणि क्षणभर उठेना. मग उठला, हसला, उरलेला सामना खेळला. क्लबने खांदा म्हणून सांगितलंय. स्पर्धा तोंडावर असताना खरं कोण सांगतो? गुडघा असेल तर खांदा म्हणायचं, खांदा असेल तर ताप म्हणायचं. दुखरी जागा कळली की समोरचा नेमका तिथेच हाणतो. मीही विचारणाऱ्याला खांदाच सांगतो. तुला म्हणून लिहितो, खांद्याला काही झालेलं नाही. डोकं दुखतं म्हणतो थोडं. आपली काय कमी दुखली?

पंचवीस तारखेला त्यांचा क्लब मैत्रीचा सामना खेळायला तुमच्या गोथेनबर्गला येतोय. राइमो तुझ्याकडेच उतरेल. धर्मपिता आहेस त्याचा, दोन घास नीट खाऊ घाल. लेम्पी त्याच्याबरोबर राय धान्याच्या भाकरीत भाजलेले मासे पाठवतेय.

तुझा,
ओइवा

*

गोथेनबर्ग, ३० जानेवारी

प्रिय ओइवा,

तुझ्या दणकट बचावाची मला कीव येते. सहांपैकी दोघे पस्तिशीचे आहेत, एकाला उलटं पळता येत नाही. स्वीडिश पोरं त्यांच्याभोवती फेर धरून नाचतील. आपला गोलरक्षक घाबरट नाही, बिचारा एकटा पडतो. तू त्याच्या जागी उभा राहून बघ, म्हणजे कळेल. माझ्या हिशेबाने आपण सहावे येऊ, आणि पाचवे आलो तर मी तुझ्या गावी येऊन तुझ्या गाडीला पॉलिश करीन.

आता जरा कडू लिहितो. राइमो माझ्या यादीत नाही. मी इथला सामना पाहिला. तो मंद झालाय. डावीकडून कोणी आलं की त्याला उशिरा कळतं. अशा बचावपटूला रशियनांसमोर उभं करणं बरं नाही. त्याला हे वर्ष घरी बसव. चोविसाव्या वर्षी एखादं वर्ष गेलं तर काही बिघडत नाही. निवड समितीला कळव की तो तयार नाही. पुढच्या वर्षी मीच त्याचं नाव सगळ्यांत वर लिहीन.

लेम्पीची भाकरी हिल्काने आणि मी संपवली. राइमोला भूक नव्हती. पडदे ओढून बसला होता, गप्पा फार झाल्या नाहीत.

तुझा,
ताइस्तो

*

कोस्किलाहती, १२ फेब्रुवारी

ताइस्तो,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चहा गार झाला.

मंद? राइमो मंद? एक सामना पाहून तू हे ठरवलंस? गेले दोन आठवडे सरावानंतर मी त्याचा बर्फ रोज बघतो. उजवीकडची वळणं स्वच्छ आहेत. डावीकडे घसरण दिसते हे खरं, एका रेघेच्या जागी तीन-तीन रेघा असतात. मला वाटलं पात्याला धार नीट लागलेली नाही. मी स्वतः तीनदा धार लावून दिली. अजून थोडं तसंच आहे, पण धारेचंच असणार. वीस वर्षं बर्फ वाचतोय मी.

खरं कारण मला ठाऊक आहे. चौपन्न साली तुझं नाव तीस जणांत होतं आणि शेवटच्या वीसमध्ये नव्हतं. तुझ्या जागी मी गेलो, दोन सामने खेळलो. तू रुसून बोट पकडलीस आणि परक्यांच्या कारखान्यात जाऊन बसलास. सत्तावीस वर्षं मी यावर एक अक्षर बोललो नाही. पण माझ्या मुलाला राष्ट्रीय संघाची जर्सी मिळतेय आणि तुझ्या पोटात दुखतंय, हे मला दिसत नाही असं समजू नकोस.

लेम्पीचंही तुझ्यासारखंच चाललंय. पोरगा दिवसभर झोपतो, जेवत नाही, रेडिओ लावला की कान झाकतो, त्याला थांबव म्हणते. मी म्हटलं, सगळ्या आया असंच म्हणतात. मोठ्या स्पर्धेआधी मीही झोपत नव्हतो, हा झोपतो एवढाच फरक.

आणि तुझ्या माहितीसाठी. परवा निवड समितीच्या निस्कालाचा फोन आला होता. म्हणाला, 'ओइवा, क्लबवाले सांगतात त्यावर माझा विश्वास नाही. तू बर्फाबद्दल कधी खोटं बोललेला नाहीस. राइमो कसा आहे?' मी सांगितलं, 'ठणठणीत. कधी नव्हता इतका.' तो म्हणाला, मग झालं. क्लब-स्पर्धेचे उपउपान्त्य सामने नीट खेळला की नाव पक्कं.

तुझी यादी पाठव. राइमोशिवाय पाठव. वीस मार्चला रेडिओसमोर बसून मी ती फोडीन आणि पोटभर हसेन.

ओइवा

*

गोथेनबर्ग, २२ फेब्रुवारी

प्रिय ओइवा,

मी राइमोला शब्द दिला होता. तो आज मोडतोय.

सामन्यानंतर तो आमच्याकडे आला तेव्हा त्याला जिना चढवेना. दोनदा उलटी झाली. हिल्काला त्याने तीन वेळा विचारलं की संडास कुठे आहे. दिवा लावला की डोळे गच्च मिटायचा. मी डाव्या बाजूने त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो, हात वर केला, त्याला पत्ताच नाही. मी म्हटलं, बाबांना सांगू या. तो माझा हात धरून म्हणाला, 'काका, बाबांना सांगू नका. ते सगळ्या गावाला सांगून बसलेत.' आणि रडला. चोवीस वर्षांचा पुरुष माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला, ओइवा. मी भित्रा, शब्द देऊन मोकळा झालो. वाटलं, खेळाच्या भाषेत लिहून तुला वळवता येईल. मंद झालाय म्हणावं, म्हणजे तू चिडशील पण त्याला बसवशील. तू नुसताच चिडलास.

तो मंद नाही. त्याचं डोकं जखमी आहे. ते बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर काय होतं ते मला माहीत आहे, कारण चौपन्न साली मला वगळलं नव्हतं. त्याआधीच्या डिसेंबरात आपण गिरणीच्या संघाशी खेळलो तेव्हा मी कठड्यावर आपटलो होतो, आठवतं? तू मला ओढत बाहेर काढलंस आणि आपण हसलो. त्यानंतर महिनाभर मला बर्फावर एकाच्या दोन चकत्या दिसत होत्या. मी स्वतः निवड समितीकडे गेलो आणि म्हणालो, मी मंद झालोय, ओइवाला न्या. डोकं म्हणायची लाज वाटली. गावात लोक मला रुसका म्हणायला लागले, तेही मी चालू दिलं, कारण वेडा म्हणण्यापेक्षा ते बरं होतं. उजव्या कानात तेव्हापासून शीळ वाजते. फोन कोणत्याही कानाला लावला की डोकं फुटतं, म्हणून मी सत्तावीस वर्षं पत्रं लिहितो. तुला वाटायचं मला लिहायची हौस आहे.

तुझ्यावर राग नाही. तू माझ्या जागी गेलास याचा मला आनंदच झाला होता. पण राइमोला आजपासून बर्फावर जाऊ देऊ नकोस. निस्कालाला फोन करून खरं सांग. तुझा शब्द तो मानेल. डाव्या बाजूच्या त्या तीन रेघा धारेच्या नाहीत, त्या त्याच्या डोळ्यांच्या आहेत. बर्फ तू बरोबर वाचलास, फक्त त्यावर विश्वास ठेवला नाहीस.

वाट बघतो.

ताइस्तो

*

कोस्किलाहती, ८ मार्च

प्रिय ताइस्तो,

तुझं जाडजूड पाकीट फेब्रुवारीअखेर पोचलं. यादीसोबत माझी पूजाही बांधलेली दिसते. भिंतीवरच्या घड्याळामागे ठेवलंय. लेम्पीचा हात दोनदा तिकडे गेला, मी तिला सांगितलं, नियम म्हणजे नियम, वीस तारखेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. माझी यादी सोबतच्या पाकिटात आहे. तूही फोडू नकोस.

गेल्या पत्रात मी जास्तच बोललो. तू राइमोला नावं ठेवलीस आणि माझा तोल गेला. चौपन्न साल काढायला नको होतं. इतकी वर्षं झाली, तू रुसलास ते रुसलास, मी तुझ्या जागी असतो तर मीही रुसलो असतो. आपण दोघं म्हातारे होत चाललोय आणि भांडायला मला तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. बुधवारच्या रात्री झोप येत नव्हती तेव्हा मी तुझी बाजू घेऊन स्वतःशीच वाद घातला. गोलरक्षकाबद्दल तुझं म्हणणं बरोबर वाटलं.

इकडे सगळं छान चाललंय. राइमो आता नियमित सरावाला जातो. बोलतो कमी, पण माझ्याबरोबर यादीवर वाद घालायला बसतो, तेव्हा डोळे चमकतात त्याचे. उपउपान्त्य सामना गुरुवारी बारा तारखेला आमच्याच बर्फावर आहे. निस्काला स्वतः बघायला येणार आहे. गावातलं एकही तिकीट उरलं नाही.

एप्रिलमध्ये लेम्पी आणि मी बोटीने येतो. तू तिकिटं काढून ठेवलीस का? आमच्या मुलाला आम्ही तुझ्या शेजारी बसून बघणार आहोत.

तुझाच,
ओइवा

*

गोथेनबर्ग, १३ मार्च

ओइवा,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. इतके दिवस मी समजत होतो की तू सगळं वाचलंस आणि रागाने गप्प बसलास. ते यादीचं पाकीट नव्हतं. ते पत्र होतं. फेब्रुवारीच्या शेवटी तुझ्याकडे पोचणारं पाकीट तू फोडणार नाहीस, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सव्वीस वर्षं मीच तो नियम पाळत आलो, आणि ऐन वेळी विसरलो.

मी फोन केला. तुझ्या घरी कोणी उचलला नाही. स्टेडियमवर लावला तर तिकीटखिडकीवरच्या बाईने उचलला. आत बँड वाजत होता, तिला माझं धड ऐकू येत नव्हतं आणि मला तिचं. मी ओरडून म्हणालो, ओइवाला सांगा, ताइस्तो म्हणतोय, पाकीट फोड, आत्ता फोड. तिने विचारलं, एवढंच? मी म्हणालो, एवढंच.

काल संध्याकाळपासून मी हाच विचार करतोय. मी तिला सांगू शकलो असतो की राइमोचं डोकं जखमी आहे, त्याला बाहेर काढा. पण तिकीटखिडकीवर ते सांगितलं तर अर्ध्या तासात समोरच्या संघाला कळलं असतं, असं वाटलं. जीभ वळलीच नाही. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय.

निरोप मिळाला का? काय झालं? कळव.

ताइस्तो

*

कुओपिओ, ९ एप्रिल

प्रिय ताइस्तो,

महिनाभर तुला लिहिलं नाही. तुझी तीन पत्रं आली, ती लेम्पीने वाचली. तिकिटं कोणाला तरी देऊन टाक.

निरोप मिळाला होता. दुसऱ्या मध्यंतरात मी गाडी घेऊन बर्फावर होतो. खिडकीवरची बाई कठड्यावरून वाकून ओरडली, ताइस्तो म्हणतोय पाकीट फोड, आत्ताच फोड. मला हसू आलं. मी म्हटलं, हरणार हे दिसलं म्हणून म्हाताऱ्याला नियम मोडायचाय. ड्रेसिंगरूमच्या दारात राइमो उभा होता, त्यालाही मी हे ओरडून सांगितलं. तो हसला नाही. मी गाडी पुढे काढली. त्याच्या बाजूच्या त्या तीन-तीन रेघा समोर दिसत होत्या. मी त्यांच्यावर पाणी सोडलं.

तिसऱ्या भागात, आठ मिनिटं उरली असताना, डावीकडून एक पोरगा आला. साधा धक्का होता. पंचाने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. राइमोने हात पुढे केले नाहीत, तसाच आडवा गेला. स्ट्रेचर माझ्या दारातून बाहेर काढायचं होतं आणि दारात माझी गाडी उभी होती. ती बाजूला घ्यायला मला किल्ली सापडेना. मग उरलेली आठ मिनिटं खेळली गेली. आपण जिंकलो.

कपडे न्यायला घरी आलो तेव्हा लेम्पीने घड्याळामागचं पाकीट काढलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मग माझ्या हातात दिलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तुझ्यावर तिचा राग नाही. माझाही नाही. तू उशिरा का होईना लिहिलं होतंस. मी रोज वाचत होतो आणि रोज पुसत होतो.

मी निस्कालाला फोन केला. म्हटलं, मी खोटं बोललो होतो. तो म्हणाला, 'खोटं सगळेच बोलतात, ओइवा. म्हणून तर मी तुला विचारलं होतं.'

राइमो जिवंत आहे. इथल्या इस्पितळात दोन शस्त्रक्रिया झाल्या. डावा हात उचलत नाही, डावीकडचं दिसत नाही. बोलतो, सावकाश पण स्पष्ट. आम्हाला ओळखतो. फक्त त्याच्यासाठी मार्चचा पहिला आठवडाच चालू आहे. सकाळी सांगितलेलं दुपारी राहत नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित सुधारेल, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघतात.

रोज सकाळी डोळे उघडले की तो पहिल्यांदा हेच विचारतो, 'बाबा, संघ लागला?' सुरुवातीला मी खरं सांगायचो. लागला, पोरा, तू नाहीस त्यात. त्याला ते रोज नव्याने कळायचं आणि तो रोज नव्याने रडायचा. चार सकाळी असं झालं. मग लेम्पी मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, 'स्वतःसाठी खोटं बोललास. आता त्याच्यासाठी बोल.'

तेव्हापासून सांगतो, लागला, तू आहेस. तो विचारतो, 'डोक्याचं त्यांना कळलं नाही?' मी म्हणतो, नाही. 'निस्कालांना कोणी पटवलं?' मी म्हणतो, मी. मी सांगितलं, तू ठणठणीत आहेस.

मग तो उजवा हात चादरीवरून सरकवत आणतो आणि माझा हात धरतो. म्हणतो, 'तुमचे उपकार आहेत, बाबा.'

हे रोज सकाळी होतं, ताइस्तो. आजही झालं.

ओइवा